चुलीपुढचं गाऱ्हाणं, ओसरीवरचं गाऱ्हाणं

२८ ऑगस्ट, गुरुवार. मुलुंडला मोठ्या जावेच्या स्वयंपाकघरात विळीवर नारळ खवत बसले होते. आमचा गणपती दीड दिवसाचा, त्या संध्याकाळी विसर्जन. काळ्या वाटाण्याच्या सांबाऱ्याचं वाटप व्हायचं होतं, देवाबरोबर द्यायच्या शिदोरीचे दहीपोहे कालवायचे होते आणि दुपारनंतर माणसं येत राहणार होती. आतल्या खोलीचं दार लोटलेलं होतं. आत माझी जाऊ दबक्या आवाजात तेच तेच बोलत होती. मधेच थांबायची आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू करायची. तिला मी वहिनी म्हणते. लग्न होऊन आले तेव्हा तिनंच बजावलं होतं, अहोजाहो करू नको, म्हातारं वाटतं.

वहिनी गाऱ्हाणं पाठ करत होती.

कोकणातल्या घरांत गाऱ्हाणं घरातला कर्ता पुरुष घालतो. देवापुढे उभा राहतो, हात जोडतो आणि सगळ्या घराच्या वतीनं मोठ्यानं देवाशी बोलतो. पोरांच्या नोकऱ्या लागू देत, आजारी माणूस उठू दे, चुकलंमाकलं पोटात घाल. प्रत्येक वाक्याला मागची माणसं 'व्हय म्हाराजा' म्हणतात. तेवढं म्हटलं की ते बोलणं एकट्याचं राहत नाही, घराचं होतं. गाऱ्हाण्यात देवाला जे सांगितलं ते मागाहून सहसा कोणी फिरवत नाही. बायका मागे उभ्या राहून 'व्हय म्हाराजा' म्हणतात. पुढे उभी राहिलेली बाई मी तरी आमच्यात पाहिलेली नाही.

वहिनीला या वर्षी पुढे उभं राहायचं होतं, आणि शब्द ती एका मालिकेतले पाठ करत होती.

दीर गेले त्याला दीड वर्ष झालं होतं. आमचे सासरे गिरणीत होते. गावच्या भावकीशी बिनसल्यावर त्यांनी मुंबईत स्वतःचा गणपती सुरू केला आणि ते गेल्यावर तो मोठ्या मुलाकडे, मुलुंडला आला. ज्याच्या घरी देवाचा पाट, त्याच्या घरी गणपती. पाट फणसाच्या लाकडाचा आहे, चांगला जड. मूर्ती त्यावर बसते. विसर्जन झालं की रिकाम्या पाटावर मूठभर वाळू ठेवून तो घरी आणतात, आरती करतात आणि पुढच्या वर्षापर्यंत वर ठेवून देतात. मागच्या वर्षी दुखवटा होता. गाऱ्हाणं काकांनी घातलं, सगळं साधेपणानं उरकलं आणि कोणी काही बोललं नाही. काका म्हणजे सासऱ्यांचे चुलत भाऊ. घाटकोपरला राहतात आणि भावकीत आता तेच मोठे. या वर्षी मात्र बोलणं सुरू झालं की पाट आता धाकट्याकडे जाऊ दे. धाकटा म्हणजे माझा नवरा.

यात वाईट हेतू कोणाचाच नव्हता. वहिनीला मुलगा नाही. एकच मुलगी, ती लग्न होऊन बदलापूरला. काका म्हणाले, "एकट्या बायमाणसावर भार कशाक?" नवरा म्हणाला, "तिला आता झेपणार नाही." तिला झेपेल का, हे तिला विचारायचं मात्र राहून गेलं.

विचारलं मलाही नव्हतं. आमचं कांजूरमार्गचं घर एका बेडरूमचं. मी चष्म्याच्या दुकानात काउंटर सांभाळते, सणाची रजा मागितली की मालकाचं तोंड आंबट होतं. देवाला माझी ना नाही. पण त्याच्यामागोमाग येणारी तीसचाळीस माणसं, त्यांच्या चपला आणि त्यांची जेवणं मला नको होती. म्हणजे या सगळ्यात माझाही स्वार्थ होता. तो आधीच सांगून टाकलेला बरा.

वहिनीचं कारण वेगळं होतं. जुलैत एकदा मी तिच्याकडे गेले असताना ती म्हणाली, "पाट गेला ना, की माझ्या दाराची बेल फक्त कुरियरवाला वाजवणार. तोही शेजारणीचं पार्सल ठेवून घ्या म्हणून."

"असं काही होत नाही गं."

"होतं. माझ्या आईचं बघितलंय मी. पहिल्या वर्षी सगळे म्हणाले, आम्ही येतच राहणार. दुसऱ्या वर्षी फोन आले. तिसऱ्या वर्षी आई स्वतःच म्हणायला लागली, कशाला त्रास घेता."



त्याच सुमाराला ती मालिका गाऱ्हाण्याच्या प्रसंगापर्यंत आली होती. ज्या कादंबरीवरून मालिका घेतली ती मी लग्नाआधी वाचलेली, आणि नंतरही दोनचारदा. माझ्याकडची प्रत पाठीला चिकटपट्टी लावून उभी आहे. कादंबरीतली बाई कोकणातल्या खेड्यातली. नवरा भावांत थोरला, म्हणून गणपती तिच्या घरी. नवरा मरतो आणि धाकटे दीर ठरवतात की देव आता आपल्याकडे न्यायचा. नेण्याच्या आदल्या दिवशी तिन्हीसांजेला ती भाकऱ्या थापत असते. बाहेर ओसरीवर पुरुषांच्या गप्पा चाललेल्या. कोपऱ्यात बहिरी सासू फणसाच्या आठळ्या सोलत बसलेली. बाई एक भाकरी तव्यावर टाकते, पिठाचे हात तसेच जोडते आणि चुलीतल्या विस्तवाकडे बघत गाऱ्हाणं घालते. आवाज एवढा बारीक की ओसरीपर्यंत जाणं शक्यच नाही. ती मागत काहीच नाही. तुझी भांडी मी राखेनं घासली, तुझ्या दुर्वा मी पावसात भिजून आणल्या, माझा नवरा तुझ्यापुढे उभा राहायचा तेव्हा त्याच्या मागे मी असायची, एवढं फक्त तुला ठाऊक असू दे, असं म्हणते आणि थांबते. 'व्हय म्हाराजा' म्हणायला मागे कोणी नसतं. भाकरी करपायला लागते. आणि मग कोपऱ्यातली सासू, जिला ढोल वाजला तरी ऐकू येत नाही, आठळी सोलता सोलता म्हणते, 'व्हय म्हाराजा.' तिथं प्रकरण संपतं. पुढच्या प्रकरणात गणपती दिराच्या घरी बसलेला असतो.

सासूला ऐकू आलं, की सुनेचे ओठ दिसले, की म्हातारीचं आपलं काहीतरी वेगळंच चाललं होतं, हे लेखक सांगत नाही. मला पुस्तकं वाचून रडूबिडू येत नाही, तेव्हाही आलं नव्हतं. पण ते पान मी परत वाचलं होतं. भाकरी शेवटी उलटली की नाही हे लिहिलेलं नाही, याचा मला तेव्हा रागही आला होता.

मालिकेत चूल नाहीच. मालिकेतली बाई ओसरीवर येते. साडी साधी, पण कडक इस्त्रीची. दोन्ही दीर, त्यांच्या बायका, भटजी, गावकरी, झाडून सगळे हजर. सासू बहिरी नाही. मालिकेतल्या सासूला बहिरी करून चालत नाही, तिला रोज बोलावं लागतं. बाई पदर खोचते, देवापुढे जाते आणि गाऱ्हाणं घालायला लागते. अख्खा भाग त्यातच जातो. तिच्या एकेका वाक्यावर सगळ्यांचे चेहरे फिरून फिरून दाखवतात. 'ह्यो पाट ह्या उंबऱ्याभायर जावचो नाय' असं ती म्हणते तेव्हा बाहेर वीज कडाडते. मग मोठा दीर मान खाली घालतो आणि आधी तोच 'व्हय म्हाराजा' म्हणतो, त्याच्यामागून सगळा गाव. गणपती तिच्याकडेच राहतो.

तो भाग मी वहिनीबरोबर तिच्याच घरी बघितला.

"हे पुस्तकात असं नाहीये," मी म्हणाले.

"गप गं, बघू दे."

जाहिराती लागल्यावर तिनं आवाज कमी केला. "बोल. पुस्तकात काय आहे?"

मी सांगितलं. चूल, भाकरी, पिठाचे हात.

"मग ऐकतं कोण तिचं?"

"सासू."

"बहिरी?"

"हो."

"झकास," वहिनी म्हणाली आणि आवाज परत वाढवला.

पुढच्या खेपेला मी पुस्तक घेऊन गेले आणि तिच्या हातात दिलं. ती वाचेल असं मला वाटलं नव्हतं. तिनं वाचलं, तेही पहिल्या पानापासून.

"लिहिलंय चांगलं," परत देताना ती म्हणाली. "ते पिठाचे हात वगैरे. पण तुझी बाई हरते."

"हरते असं नाही म्हणता येणार."

"गणपती गेला ना?"

"गेला."

"मग?"

"पण ती बोलते ते खरं वाटतं, वहिनी. टीव्हीवरची भाषण ठोकते. कुठल्या घरात बाई असं बोलते?"

"कुठल्याच नाही. म्हणूनच लोक बघतात." ती भाजी निवडत होती, हात थांबले नाहीत. "चुलीपुढे मी काय कमी बोलले असेन? गॅसनं कधी 'व्हय म्हाराजा' म्हटलेलं मला आठवत नाही."

मला पुस्तकातला प्रसंग आजही जास्त खरा वाटतो. पण मी तो माझ्या घरी, माझ्या खुर्चीत बसून, नवरा जिवंत असताना वाचत होते.

मग तिनं सांगितलं की या वर्षी विसर्जनाच्या आधी गाऱ्हाणं ती घालणार. मालिकेतलंच. माझा विरोध तिच्या पुढे उभं राहण्याला नव्हता. शब्दांना होता.

"तुझे शब्द वापर ना. ते टीव्हीचं कशाला?"

"माझे शब्द मधेच संपतात गं. हे हॉस्पिटलात होते तेव्हा डॉक्टरशी बोलताना बघितलंस ना तू मला? दोन वाक्यं झाली की घसा बंद. हे पाठ असलं की शेवटापर्यंत जाता येतं."

"आधी एकदा काकांशी तरी बोलून ठेव."

"बोलले तर ते समजूत घालतील. काका समजूत फार चांगली घालतात. नको."

हे तिचं अगदी बरोबर होतं.

वहिनीबद्दल एक गोष्ट इथं सांगायला हवी, नाहीतर पुढचं कळणार नाही. वहिनी नकला करण्यात पटाईत. सोसायटीचा सेक्रेटरी, मालिकेतल्या सासवा, आमच्या सासूबाई, कोणालाही सोडायची नाही. दर गणपतीत आरती झाली की पोरं तिच्या मागे लागायची, काकी होऊन जाऊ दे, आणि ती पदर खोचून सुरू व्हायची. दीर तर दरवर्षी त्याच नकलेला तेवढेच हसायचे. ते गेल्यापासून तिनं एकही नक्कल केली नव्हती. आणि मालिकेतला ओसरीचा तो प्रसंग आमच्या घराण्याच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर कोणीतरी टाकलेला होता, त्यामुळे मालिका न बघणाऱ्यांनाही तो पाठ होता.

त्या संध्याकाळी उत्तरपूजा झाली, आरती झाली. मी स्वयंपाकघरात शिदोरीचा डबा भरत होते. बाहेर वहिनीचा आवाज चढला. "बा देवा म्हाराजा," तिनं सुरुवात केली, हुबेहूब मालिकेतल्या बाईसारखी, तसाच लांबवलेला सूर. मागून दणकून "व्हय म्हाराजा". पुढचं वाक्य, आणखी जोरात "व्हय म्हाराजा". माझा जीव भांड्यात पडला. मला वाटलं, चला, ऐकलं सगळ्यांनी.

डबा घेऊन दारात आले तर सगळ्यांचे मोबाईल वर.

भावकीतल्या पुतण्यांपैकी एक जण तोंडानं मालिकेचं ढँण ढँण संगीत देत होता. दुसऱ्यानं वीज चमकली म्हणून ट्यूबलाइटचं बटण खालीवर केलं. वहिनीची मुलगी हसत डोळे पुसत होती, नवऱ्याला म्हणाली, "आई परत पहिल्यासारखी झाली बघ." माझा नवरा सगळ्यांत पुढे, हात जोडून, मालिकेतल्या दिरासारखी मान खाली घालून. त्यांना नक्कल वाटली होती. दीड वर्षानं वहिनीनं नक्कल केली म्हणून सगळं घर आनंदात होतं.

वहिनीची पाठ त्यांच्याकडे, तोंड देवाकडे. तिला मोबाईल दिसत नव्हते, फक्त आवाज ऐकू येत होता, आणि आवाजात काही कमी नव्हतं. तिचा सूर वाक्यागणिक मोकळा होत गेला. थांबवायला हवं हे मला कळत होतं, पण कसं? हे नाटक नाही, असं मी ओरडले असते तर तिला तिथंच मागे वळून बघावं लागलं असतं.

"ह्यो पाट ह्या उंबऱ्याभायर जावचो नाय म्हाराजा."

"व्हय म्हाराजा."

तिथं मालिकेतलं गाऱ्हाणं संपतं. वहिनी थांबली नाही. तिनं स्वतःचं एक वाक्य जोडलं. "माझ्याकडे माणसं येऊ देत," ती म्हणाली, टीव्हीचा सूर नाही, मालवणी नाही, आणि आवाज फुटला.

ते "व्हय म्हाराजा" सगळ्यांत मोठं झालं. मग टाळ्या, शिट्ट्या. "काय रडली यार काकी, सेम टू सेम."

वहिनी वळली. तिनं मोबाईल पाहिले.

काकाही मनापासून हसत होते. "वा सूनबाय, मजा आणलंस. थोरलो वर बसून हसत असतलो. चला, आता खरां गाऱ्हाणां घालूया, उशीर होता." आणि ते देवापुढे उभे राहिले. सगळे गप्प झाले, मोबाईल खिशात गेले, डोकी झाकली गेली. काकांनी नेहमीचं सगळं मागून घेतलं आणि शेवटी म्हणाले, "आणि म्हाराजा, पुढल्या वर्सापासून धाकट्याच्या घराक ये. थयसर तुझी सेवा घडांदे."

"व्हय म्हाराजा," सगळे म्हणाले. हळू आणि गंभीरपणे, जसं म्हणतात तसं.

वहिनी आत आली. डब्याचं झाकण उघडून बघितलं. "मीठ घातलंस ना पोह्यांत?"

"घातलं."

"बरं," ती म्हणाली आणि सांबाऱ्याखालचा गॅस पेटवला. विसर्जनाला आली नाही. माणसं परत येतील तेव्हा गरम लागेल, असं कारण दिलं. कोणाला त्यात वेगळं काही वाटलं नाही.

हल्ली आमचं विसर्जन कृत्रिम तलावात होतं. स्वयंसेवक मूर्ती आपल्या हातातून घेतात, बुडवतात आणि पुढच्याला बोलावतात. वाळू तिथं कुठून असणार? शेजारच्या झाडाच्या बुंध्यातली मूठभर माती नवऱ्यानं पाटावर ठेवली. मुलुंडला परत जाऊन सगळे जेवले, वहिनीनं वाढलं. आम्ही निघालो तेव्हा पाट नवऱ्याच्या काखेत होता. वहिनीनं त्याच्या हातात सांबाऱ्याचा डबा दिला, पाटाकडे बघितलंही नाही.

घरी आल्यावर मी विचारलं, "हा इथं कशाला आणलास?"

"कशाला म्हणजे? काकांनी गाऱ्हाण्यात सांगितलं, सगळ्यांनी होय म्हटलं."

"त्याआधी वहिनीनं सांगितलं, त्यालाही सगळ्यांनी होय म्हटलं."

"ती गंमत होती यार."

"कोणाची?"

"म्हणजे?"

"म्हणजे ती महिनाभर पाठ करत होती. तिला तेच म्हणायचं होतं."

"मग सरळ मला सांगायचं ना. एक फोन करायचा."

"तू केला होतास, तिला विचारायला?"

ग्रुपवर एव्हाना व्हिडिओ आला होता, खाली हसऱ्या चेहऱ्यांची रांग आणि 'काकी रॉक्स'. मी तो लावला आणि फोन त्याच्यापुढे धरला. सगळ्यांचे आवाज होते, त्याचा सगळ्यांत मोठा.

"हा कोण?"

"माहितीय, मी आहे."

"देवासमोर म्हटलंस."

"तू कधीपासून देवाचं एवढं मानायला लागलीस?"

"मी मानत नाही. तू मानतोस, म्हणून तुला सांगतेय."

त्यानं फोन माझ्या हातातून घेतला आणि परत एकदा पहिल्यापासून बघितलं. या वेळी हसला नाही. शेवटच्या वाक्याशी थांबवून त्यानं विचारलं, "इथं रडली ती खरं?"

"खरं."

थांबलेल्या चित्रात वहिनीची पाठ आणि कोणाच्या तरी उंच धरलेल्या हाताचं कोपर, एवढंच दिसत होतं. तो म्हणाला, "पण आता काकांना काय सांगणार? सगळ्यांसमोर घातलंय त्यांनी गाऱ्हाणं."

"तिनंही सगळ्यांसमोरच घातलं."

"तसं नसतं गं ते," तो म्हणाला. कसं असतं ते त्यानं सांगितलं नाही, आणि त्याला सांगता आलं असतं असं मला वाटत नाही. पाट टीव्हीशेजारी टेकवून तो झोपायला गेला.

मला त्या वेळी दोन्ही बायका आठवत होत्या, चुलीपुढची आणि ओसरीवरची. वहिनीनं ओसरीवरची निवडली कारण तिला ऐकवायचं होतं. तिचा आवाज घराच्या शेवटच्या भिंतीपर्यंत पोहोचला, फोनमधून बदलापूर आणि गावाकडे सावंतवाडीपर्यंत पोहोचला, आणि ऐकलं कोणीच नाही, कारण सगळ्यांनी ते आधीच टीव्हीवर ऐकलेलं होतं. याचा दोष मालिकेला द्यावा असं मला सारखं वाटत होतं. पण मग वाटायचं, तिनं चुलीपुढे म्हटलं असतं तर काय झालं असतं? ओट्याशी मी होते. मी बहिरी नाही. म्हटलंही असतं 'व्हय म्हाराजा'. आणि पाट तरीही टीव्हीशेजारीच आला असता. कादंबरीला तेवढं पुरतं. मुलुंडच्या घराला पुरत नाही.

दुसऱ्या दिवशी, शुक्रवारी सकाळी, मी पाट जुन्या चादरीत गुंडाळला. नवरा चहा पीत होता.

"मुलुंडला चाललेय," मी म्हणाले. "हा घेऊन."

त्यानं कप खाली ठेवला, परत उचलला. होय म्हणाला नाही, नकोही म्हणाला नाही. मी रिक्षा केली.

वहिनी मॅक्सीवर होती, देवाच्या जागेवरचं निर्माल्य पिशवीत भरत होती. चादर बघून तिला कळलं.

"भावोजींनी पाठवला?"

"नाही. मी आणला."

"त्यांना माहितीय?"

"समोरून घेऊन आले. काही बोलला नाही."

"आणि काका?"

"काकांना कोणी सांगितलेलं नाही."

ती सोफ्यावर बसली. "तू कशाला मधे पडतेस? तुझ्या घरात पसारा नको म्हणून ना?"

"तेही आहे."

तेवढ्यावर ती जराशी हसली. मग म्हणाली, "टीव्हीचं बोलले म्हणून कोणाला खरं वाटलं नाही का गं?"

"हो."

"माझं माझं बोलले असते तर वाटलं असतं?"

"माहीत नाही, वहिनी."

तिनं पाटावरची चादर काढली. माती चादरीला लागली होती, ती तिनं बोटांनी गोळा करून परत पाटावर ठेवली. पाट होता तिथंच, दाराजवळ राहू दिला. वर ठेवला नाही.

"काकांचा नंबर लाव," आपला फोन माझ्यापुढे करत ती म्हणाली. "स्पीकरवर नको."

मी नंबर लावला, रिंग वाजायला लागली तशी फोन तिच्या हातात दिला आणि आत गेले. कालची पातेली सिंकमध्ये तशीच होती. नळ मोठा सोडला आणि घासायला घेतली. मधूनमधून तिचा आवाज येत होता. दोन वाक्यं, मग काही नाही, मग परत एक वाक्य. पातेली संपली तेव्हाही तिचं चालूच होतं. मी हात पुसले, दारातून तिला खुणेनंच निघते म्हणून सांगितलं आणि दुकानात गेले.